चौऱ्याऐंशी सालचं बाड

ज्येष्ठ पौर्णिमेला कल्याणातल्या बायका सूत आणि आंबे-फणस घेऊन वडाकडे निघाल्या, तेव्हा उत्तराबाई वझे माजघरात तांदूळ निवडत बसून राहिल्या. सून लक्ष्मी दोनदा बोलवायला आली.

"तू जा गं. मी नाही येत या वर्षी. कुणासाठी फेरे घालायचे ते तरी कळू दे आधी."

हरिहर ओटीवर शाळेच्या वह्या तपासत होता. आईचं बोलणं त्याला नीट ऐकू आलं, आणि हातातला बोरू तसाच थांबला.

त्याचे वडील प्रभाकरपंत घर सोडून गेले त्याला बारा वर्षं होत आली होती. गावाला माहीत होतं ते इतकंच की पंत काशीला गेले आणि मग त्यांची काही खबर आली नाही. आता घरी पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी आठवण करून दिली होती, बारा वर्षं वाट पाहून झाली की माणसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा लागतो आणि बायकोने कुंकू पुसावं लागतं.

लक्ष्मी गेल्यावर उत्तराबाई ओटीवर आल्या. "हरी, पुतळा जाळायला माझी ना नाही. पण ते जिवंत असले आणि मी त्यांना जाळलं, तर? अन् मेले असले, तर इतकी वर्षं मी कुंकू लावून मिरवले त्याचं काय? मी सवाष्ण की विधवा, एवढं मला कळू दे."

"कसं कळणार, आई?"

"काळुराम वाणी सांगत होता, ठाण्याला ते आठवड्याचं वर्तमानपत्र छापतात ना, त्यात गावोगावच्या मयतांची बातमी येते म्हणे. जुने अंक ठेवलेले असतात. तू जाऊन बघ." पदराच्या गाठीतून त्यांनी दोन रुपये काढून त्याच्यासमोर ठेवले. "तुझा पगार घरालाच पुरत नाही, ते मला दिसतं. हे माझे आहेत. जपून वापर."

हरिहरने रुपये उचलले. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

प्रभाकरपंत काशीला गेलेच नव्हते. ठाण्याच्या एका व्यापाऱ्याच्या मिठाच्या वखारीत ते कारकून होते. मापात लबाडी करून पैसे खाल्ल्याचं त्यांच्यावर शाबीत झालं आणि वर्षभराची शिक्षा झाली. हे घरच्यांनाच ठाऊक होतं; गाव समजत होतं, पंत ठाण्याला नोकरीवर आहेत. सुटले त्या दिवशी ते गाडीने कल्याणला आले. हरिहर स्टेशनावर गेला होता, पण त्यांना घरी न्यायला नव्हे. "आत्ता घरी येऊ नका," तो फलाटावरच म्हणाला. "धाकटीचं लग्न ठरतंय. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. मागाहून बघू." पंतांनी मान हलवली. "तुझी आई बरी आहे ना?" एवढंच विचारलं आणि ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत जाऊन बसले. काशीची गोष्ट हरिहरने घरी येताना वाटेत रचली.

पुढे दोन वर्षांनी, अठराशे चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणात, पोस्टमन दारी आला. पत्र नॉटपेड होतं, म्हणजे वर तिकीट नाही, घेणाऱ्यानेच दुप्पट पैसे भरायचे. पत्ता थरथरत्या हाताने लिहिला होता, तरी 'ह'चं ते वळण हरिहरने लगेच ओळखलं. लहानपणी त्याच हाताने त्याचा हात धरून ते गिरवून घेतलं होतं. पैसे मागायला लिहिलं असेल, असं त्याच्या मनात आलं. कदाचित घरी येतो म्हणून लिहिलं असेल, असंही आलं. "कुणाचं आहे कोण जाणे," तो म्हणाला. "एक आणा कोण भरतो? घेत नाही." पोस्टमनने पत्र पुन्हा पिशवीत टाकलं. हे लक्ष्मीला ठाऊक नव्हतं आणि आईलाही नव्हतं.

त्यानंतर दुसरं पत्र आलं नाही. न येण्याचा अर्थ काय असू शकतो, हे हरिहरने दहा वर्षांत स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो ठाण्याला गेला. छापखान्याचा व्यवस्थापक विश्रामपंत हे चष्मेवाले, बोलके गृहस्थ होते. त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. एकेका सालाचे अंक बांधून केलेली बाडं फळीवर ओळीने रचली होती.

"एका सालाला आठ आणे, दिवसभर बसा," ते म्हणाले. "वाळवी लागते, उंदीर लागतात, सांभाळायला माणूस ठेवावा लागतो. फुकट दाखवणं परवडत नाही. बोला, कोणतं साल हवं?"

हरिहरच्या ओठांवर आकडा होता. चौऱ्याऐंशी, श्रावण-भाद्रपद. आठ आण्यांत काम झालं असतं आणि आईचे उरलेले पैसे परत देता आले असते. दुसऱ्या कुणाला बारा सालं धुंडावी लागली असती, त्याला चार अंक पुरेसे होते. पण ते चार अंक उघडायचे म्हणजे ती बातमी डोळ्यांनी वाचायची, आणि मग ती बातमी तिथे आहे हे आपल्याला कसं ठाऊक होतं, याचं उत्तर द्यायचं. आईला नाही दिलं तरी स्वतःला द्यायचं.

"अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला.

दिवसभर तो अठ्ठ्याऐंशी सालची माणसं मरताना वाचत बसला. मुरबाडकडचा एक पाटील वाघाने नेला होता. भिवंडीच्या एका वैद्याने आदल्या दिवशी स्वतःच्याच मरणाची वेळ सांगून ठेवली होती. कुणाच्या मागे तीन मुलगे होते, कुणाच्या मागे दोन मुलगे आणि नातवंडं. प्रत्येक बातमीच्या शेवटी मुलगे यायचे, आणि तिथे आलं की त्याची नजर पुढच्या ओळीवर उडी मारायची.

"नाही सापडलं," रात्री जेवताना तो आईला म्हणाला.

"सापडेल. एका दिवसात कुठून?" तिने त्याच्या पानात जास्तीचं तूप वाढलं. "दमला असशील. डोळे बघ कसे लाल झालेत."

पुढच्या रविवारी त्याने नव्वद सालचं बाड मागितलं, त्याच्या पुढच्या रविवारी शहाऐंशीचं. भाडं आणि बाडं यांत दोन रुपये संपले. हरिहरला मनातून सुटल्यासारखं वाटलं. पैसे संपले, प्रयत्न केला, आता पुतळा जाळू. गुरुजी मुहूर्त देतील, आई रडेल आणि हे प्रकरण मिटेल. आपल्याला हे सुटल्यासारखं वाटतंय, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःची किळस वाटली. तरी त्याने आईला तेच सांगितलं, "पैसे संपले, आई. शोधायचं तेवढं शोधलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शाळेतून आला, तेव्हा उत्तराबाईंनी त्याच्या हातावर साडेतीन रुपये ठेवले.

"हे कुठून आणलेस?"

"कुंकवाचा करंडा मोडला. चांदीचा होता ना माहेरचा, तो. सोनाराने वजन बरोबर धरलं."

"आई!"

"अरे, त्यात एवढं काय? सवाष्ण असेन तर लाकडी करंडा चालेल. विधवा असेन तर लागणारच नाही. तू शोध."

त्या रात्री हरिहरला झोप लागली नाही. रविवारची वाट न पाहता त्याने दुसऱ्या दिवशी शाळेत आजारपणाची चिठ्ठी पाठवली आणि सकाळच्या गाडीने ठाण्याला गेला. विश्रामपंतांच्या टेबलावर आठ आणे ठेवून तो म्हणाला, "चौऱ्याऐंशी."

पाव तासाच्या आत बातमी सापडली. चौथ्या पानावर, तांदळाच्या भावाखाली ती छापली होती.

'कोलशेत येथून आमचे एक वाचक लिहितात कीं, येथील मिठागरांतील लोकांचे अर्ज व पत्रें विनामूल्य लिहून देणारे प्रभाकर विष्णु वझे हे श्रावण वद्य सप्तमीस ज्वरानें वारले. लोकांस फार वाईट वाटलें. आजारांत त्यांनीं कल्याणास आपले चिरंजिवांस पत्र घातलें होतें. परंतु तें न घेतां परत आलें. सबब अंत्यविधि ग्रामस्थांनींच वर्गणी करून केला.'

हरिहरने ती दोनदा वाचली. दहा वर्षांपूर्वी ठाण्यात, भिवंडीत, कल्याणात किती जणांनी हे वाचलं असेल! नाव छापलेलं होतं. गावही होतं. आणि इतक्या वर्षांत त्याला कुणी काही म्हणालं नव्हतं. माहीत नसल्यामुळे की माहीत असूनही, हे आता कसं कळणार?

"मिळालं वाटतं!" विश्रामपंत दारातून डोकावले. "अहो मास्तर, मग आधीच हे साल मागायचंत की. तीन फेऱ्या वाचल्या असत्या."

"हो," हरिहर म्हणाला.

खिशातल्या कागदावर त्याने पेन्सिलीने बातमी उतरवून घेतली. 'लोकांस फार वाईट वाटलें' इथे तो थांबला. पुढची दोन वाक्यं त्याने लिहिली नाहीत.

घरी उत्तराबाई भिंतीला टेकून बसल्या आणि त्याने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एवढंच आहे?"

"एवढंच."

"कोलशेत. म्हणजे ठाण्याच्या पलीकडे, खाडीवर. काशी नाही." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो कागदाची घडी घालत होता. मग त्या उठल्या, मागच्या दारी विहिरीवर गेल्या आणि डोक्यावरून पाणी घेतलं. आत आल्या तेव्हा कपाळ मोकळं होतं आणि हात रिकामे होते. शेजारणीने केशवपनासाठी न्हावी बोलवायचा विषय काढला, तशी त्या एवढंच म्हणाल्या, "आधी कोलशेत. मग बाकीचं."

त्यांना न्यायचं टाळायचं म्हणून हरिहरने खाडीचं पाणी, चिखल, रस्ता, त्यांचे गुडघे, सगळी कारणं पुढे केली. त्यांनी गाठोडं बांधून ठेवलं होतं.

ठाण्याला उतरल्यावर बाजारात कोलशेतची एक रिकामी परतणारी बैलगाडी मिळाली. वझ्यांचं नाव ऐकताच गाडीवाल्याने पैसे घेतले नाहीत. "राघोच्या घरी सोडतो," म्हणाला. "बामन तितंच ऱ्हायचा."

आषाढ होता. मिठाची आगरं पाण्याखाली गेली होती आणि बांध तेवढे वर दिसत होते. राघो पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याने ओटीवर घोंगडी अंथरली. त्याची बायको बायजा शहाळी घेऊन आली आणि उत्तराबाईंसमोर खाली बसली. हाताने एका पडवीकडे दाखवत ती म्हणाली, "तितं निजायचे. पावसात गळायचा, तरी कंदी बोलले नाय."

"इथे कसे आले ते?" उत्तराबाईंनी विचारलं.

राघो सांगू लागला. "एक दिवस चालत आयले. जागा मांगली. मी म्हनलं, बामन इतं कशाला? तर म्हनले, आधी ऐक, मंग जागा दे. मी मिठाच्या मापात चोरी केली, तुरुंगात व्हतो, घरी जायला तोंड नाय. सगल्या गावासमोर बोलले. तुमचंच मीठ मी कमी मापलं, म्हनले. चार जन मारायला उठले. मंग बसले. दोन वरसं आमचे अर्ज लिवले. एक पैसा घेतला नाय."

उत्तराबाई पदराने तोंड पुसत होत्या. हरिहर अंगणातल्या चिखलाकडे पाहत होता.

"आजारी पडले तवा मी म्हनलं, घरी कलवू," राघो पुढे बोलला. "पत्र त्यांनीच लिवलं. टपालात मी टाकलं. तिकीट लावायचा असतो ते आमाला कुनी सांगावं? धा-बारा दिवसांनी पोष्टाचा मानूस परत घेऊन आयला. म्हनला, घरच्यांनी घेतला नाय."

उत्तराबाईंनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं. मग त्या राघोकडे वळल्या आणि शांत आवाजात म्हणाल्या, "ते माझ्या हातून झालं. हा शाळेत गेला होता. पोस्टमन माझ्याकडे आणा मागायला लागला. मला वाचता येत नाही, घरात सुटे पैसे नव्हते. मीच परत लावलं. याला ठाऊकसुद्धा नाही."

हरिहरच्या छातीवरचं ओझं एकदम हललं. आई सावरते आहे. आपण गप्प बसलो तर हे इथेच मिटेल. आणि तो गप्प बसला. एक श्वास, दोन श्वास. बायजा उत्तराबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बायमानूस तुमी, तुमाला काय कलनार? जाऊ द्या."

पण राघोने मान हलवली. "जाऊ द्या कसा? ते धा-बारा दिवस तो मानूस रस्त्याकडं डोले लावून व्हता. बाय, एक आना तो काय!"

उत्तराबाईंनी मान खाली घातली. पासष्ट वर्षांची बाई, उघड्या कपाळाची, परक्या ओटीवर परक्याचे बोल ऐकून घेत बसली होती. ती मान खाली गेलेली हरिहरला पाहवली नाही.

"आईने नाही," तो म्हणाला. "मी घेतलं नाही. पोस्टमन माझ्याकडे आला होता. अक्षर ओळखलं मी. ओळखलं म्हणूनच घेतलं नाही. आणि ते सुटून आले होते तेव्हा स्टेशनावरून त्यांना परत पाठवलं, तेही मीच. आईला यातलं काही माहीत नव्हतं."

बायजाने आपला हात मागे घेतला. राघो उठला. "बैलांना पानी दाखवायचा हाय," म्हणाला आणि ओटीवरून उतरून गेला. पुन्हा तो हरिहरशी बोलला नाही. निघताना उत्तराबाईंच्या मात्र पाया पडला आणि ज्या जागी पंतांना अग्नी दिला होता ती खाडीकाठची जागा दुरून दाखवली.

परतीच्या बैलगाडीत पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. हरिहर म्हणाला, "आई, अजून एक सांगायचं राहिलं."

"सांग."

"मला साल ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. तीन रविवार मी मुद्दाम भलती सालं बघत बसलो. तुझे पैसे मी वाया घालवले. करंडा मोडायची गरज नव्हती."

उत्तराबाईंनी डोळे मिटून घेतले. "त्या तीन रविवारी मी देवापाशी बसून होते," त्या म्हणाल्या. "तुला सापडावं म्हणून."

हरिहरने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"आता माझं ऐक," त्या म्हणाल्या. "काशीला गेले असं तू सांगितलंस ना, तेव्हाच मी ओळखलं होतं. तुरुंगातून सुटलेला, हातात तांब्या नाही, अंगावर दुसरं वस्त्र नाही, असा कोण काशीला जातो? पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला खरं बोलावं लागलं असतं, आणि मग त्यांना घरात घ्यावं लागलं असतं. पोरीचं लग्न मलाही करायचं होतं, हरी. तू दार लावलंस. आतून कडी मी घातली."

"नाही, आई."

"असू दे. मघाशी तुला वाचवायला खोटं बोलले, ते सगळंच खोटं नव्हतं."



श्रावण वद्य सप्तमीला घरी श्राद्ध झालं. गुरुजींनी दर्भ मांडता मांडता सहज विचारलं, "तिथी कशी कळली, मास्तर?" चार शेजारी बसले होते, शाळेचे हेडमास्तरही होते. उत्तराबाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी काही सुचवलं नाही, अडवलंही नाही. हरिहरने पहिल्यापासून सगळं सांगितलं. फलाटावरचं आणि पत्राचं सांगताना तो थांबला नाही. तीन रविवारांपाशी मात्र त्याला दोनदा थांबावं लागलं.

पान वाढलेलं असूनही एक शेजारी उठून गेला. हेडमास्तर जेवले, पण पुढे कित्येक महिने कामापुरतंच बोलले. लक्ष्मीने आठ दिवस त्याच्याकडे नीट पाहिलं नाही.

भाद्रपदात एका सकाळी तो वर्गात शिरला, तर फळ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरांत 'नॉटपेड मास्तर' असं लिहून ठेवलं होतं. मुलं श्वास रोखून बसली होती. हरिहरने फडकं हातात घेतलं आणि पुन्हा टेबलावर ठेवलं. मग खडू घेऊन त्या अक्षरांच्या खाली उरलेल्या जागेत त्याने त्रैराशिकाची उदाहरणं लिहायला घेतली, आणि मुलांना म्हणाला, "पाट्या काढा."